एकतीस सप्टेंबर

५ जुलै

प्रिय काडी,

फोन करत बसू नकोस, लागणार नाही. परवा माझा फोन स्वतःहून सुधारला. मी काही त्याला सुधार म्हटलं नव्हतं. दुकानात एका कोटाचं अस्तर उसवत होते, तेवढ्यात हा बंद पडला, पंधरा मिनिटं पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं आणि उघडला तो परकाच. आता कुणी फोन केला की तोच आधी उचलतो, तुम्ही कोण, काय काम आहे म्हणून चौकशी करतो, आणि मर्जी झाली तर मला सांगतो. दोन गिऱ्हाइकं वैतागून दुसरीकडे गेली. तेव्हा आपलं पत्र बरं. पत्राला कुणी विचारत नाही, तू कोण म्हणून.

आईची तब्येत ठीक आहे, डोळे नाहीत. डाव्याने काहीच दिसत नाही, उजव्याने धुरकट. भिंतीवरचं घड्याळ गेलं, कॅलेंडर गेलं. तू तुझ्या कंपनीचा तो बोलका स्पीकर पाठवलास त्याचं सांगते, राग मानू नकोस. आईने विचारलं, ‘किती वाजले रे?’ तो म्हणाला, ‘माफ करा, मला समजलं नाही.’ तिने आवाज चढवला, त्याने दिवे घालवले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठल्या तरी बेटावरचं हवामान सांगितलं. आई त्याला ‘काडीचा साहेब’ म्हणते. साहेब सध्या कपाटात आहेत, टॉवेलमध्ये गुंडाळून. तिथूनही मधेच माफी मागतात.

आईला हवं काय? वार, तारीख, वेळ. एवढंच. माझं दुकान तिच्या घरापासून दोन गल्ल्या लांब, दर तासाला काय धावू?

तर गंमत ऐक. माळ्यावरची पेटी काढली अस्तराचे जुने तुकडे शोधायला, आणि तळाशी तुझी कॉलेजची वही मिळाली. हिरव्या पुठ्ठ्याची. पान चाळीसवर तुझा कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे, ‘तारीख सांग’. मला वाटलं नुसती आकडेमोड असेल. पण तू नावं काय दिली आहेस ग एकेकाला! मोजणारी ती ‘मोजकाकू’, साठवतो तो ‘पोटोबा’, आणि एका ओळीशेजारी लिहिलंयस, ‘इथे हात लावाल तर याद राखा’. हसता हसता सुई टोचून घेतली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा थोडं कळलं. चौथ्यांदा वाचलं तेव्हा बरंच कळलं.

मी ठरवलंय. आईसाठी डबा मीच करणार. एक बटण, दाबलं की बोलणारा. हसू नकोस.

तुझी,
ताई

---

१४ जुलै

प्रिय ताई,

हसले. चांगली खो खो हसले. तू आणि प्रोग्राम! तू ती बाई ना, जिने टीव्हीचा रिमोट दोन वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून वापरला?

अगं, वीस वर्षांपूर्वीची वही ती. ती भाषा आता कुणी शिकवतसुद्धा नाही. आणि असले छोटे डबे करायला आमच्याकडे पन्नास माणसांची तुकडी बसते, त्यात आवाजवाले वेगळे, बटणवाले वेगळे. तू कशाला जीव काढतेस? साहेब नीट वागत नसतील तर सेटिंगमध्ये काहीतरी राहिलं असेल. नवं मॉडेल येतंय, तेच पाठवते.

माझंही फार सुखात चाललंय असं नाही. आमच्या घराच्या दाराला नवं कुलूप बसवलंय, किल्ली नाही, फोनने उघडतं. गुरुवारी ऑफिसातून आले तर म्हणालं, ‘आधी नवीन अटी मान्य करा.’ जिन्यात पिशव्या घेऊन उभी राहून मी सतरा पानं अटी मान्य केल्या. नवरा आतून ओरडतोय, मी बाहेरून ओरडतेय, आणि कुलूप म्हणतंय, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ आणि ऑफिसात मी कुणीतरी मोठी आहे म्हणे. खरं सांगू? अकरा वर्षांत मी एक ओळ लिहिलेली नाही. जे लिहितात त्यांच्या बैठका घेते. बैठकांच्या तारखा ठरवायलाही बैठक असते.

वही मात्र परत पाठव. आणि माझी वही उघडण्याआधी निदान विचारायचंस. त्यात माझं काय काय लिहिलेलं असेल.

तुझी,
काडी

---

२ ऑगस्ट

काडे,

बोलला! डबा बोलला!

विजेच्या दुकानातून सुटे भाग आणून आधी नुसता एक दिवा लावून बघितला. बारीक, तांदळाएवढा. तो लागेना म्हणून दोन दिवस जेवणाकडे लक्ष नाही. मग कळलं, एका ओळीत ‘मोजकाकू’ लिहिलंय आणि दुसऱ्या ओळीत ‘मोजकाकु’. ऱ्हस्व-दीर्घासाठी आयुष्यभर मार खाल्ला, इथेही तेच! दुरुस्त केलं आणि दिवा लागला. मी दुकानात एकटी होते, अशी किंचाळले की समोरचा चांभार आरी हातात घेऊन धावत आला. त्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘दिवाच तर आहे.’

काडे, मला कुणी सांगितलं का नाही ग हे असं असतं म्हणून? कापड कधी कधी दगा देतं, गिऱ्हाईक तर देतंच. हे मात्र मी सांगेन तेच करतं. मूर्खपणा सांगितला तर मूर्खपणा करतं, तोही इमानेइतबारे. चुकलं तर उसवायचं, परत घालायचं, आणि कापडाला भोकंही पडत नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला सकाळी उठायची घाई व्हायला लागलीय.

आकडे, वार, महिने सगळं माझ्याच आवाजात भरलं. बटण कोटाचं लावलंय, मोठं, शिंगाचं, आईच्या बोटाला लगेच लागतं. दाबलं की डबा आधी वार सांगतो, मग तारीख, मग वेळ. तीस जुलैला मी स्वतः ऐकलं, एकतीसला ऐकलं, काल ‘एक ऑगस्ट’ म्हणाला तेव्हा मी आणि आईने टाळ्या वाजवल्या. महिना बदलताना चुकला नाही म्हणजे आता चिंता नाही.

आई दिवसातून वीसदा दाबते. परवा एकटी बाजारात जाऊन आली. दोन वर्षांत पहिल्यांदा! घराची किल्ली परत गळ्यात घालायला लागलीय.

प्रोग्राम चार पानांवर उतरवून पाठवतेय. तपासून दे. शेवटी गुरू तूच. खाली आई काही सांगतेय ते लिहिते:

‘काडी, तुझ्या साहेबाला टॉवेलासकट परत ने. ताईचा डबा माझ्याशी माणसासारखा बोलतो. हिच्या अंगात एवढं आहे हे मला माहीतच नव्हतं ग.’

ताई

---

१२ ऑगस्ट

प्रिय ताई,

पानं मिळाली. बघितली. चांगलं केलं आहेस, पहिल्या प्रयत्नाच्या मानाने. मला काही चूक दिसली नाही.

पान चाळीस जसंच्या तसं उतरवलंस ना? कुठे काही बदललं नाहीस? सहज विचारलं.

फक्त एवढंच म्हणेन, घरगुती वस्तूवर फार विसंबू नये. आमच्याकडे एकेक गोष्ट सहा सहा महिने तपासतात. ‘दोन दिवस टाळ्या वाजवल्या’ याला आम्ही तपासणी म्हणत नाही. आईला सांग, हौस म्हणून ठीक आहे.

जास्त लिहीत नाही. महिनाअखेर मोठी बैठक आहे, डोकं वर काढायला फुरसत नाही. आईने मला सांगायला दोन ओळी काढल्या, त्याही डब्याबद्दल. असो. वही अजून आली नाही.

काडी

---

८ सप्टेंबर

काडी,

वाईट बातमी आहे. बसून वाच.

आईचं काहीतरी बिनसतंय. डोळ्यांच्या दवाखान्यात पाच तारखेला बोलावलं होतं. ती चार तारखेलाच गेली, एकटी, ऐटीत. तिथल्या बाई म्हणाल्या, आजी, उद्या या. आई म्हणाली, आजच आहे. चांगलं वाजलं. सगळ्या बाकांवरची माणसं बघताहेत, आणि आई काठी आपटून सांगतेय की आज पाच! मला बोलावणं आलं म्हणून गेले तर कोपऱ्यात बसली होती, तोंड एवढंसं. म्हणाली, ‘माझंच चुकलं. ऐकताना चुकलं असेल.’

आधी मी मनावर घेतलं नाही. पण शनिवारचं सामान आणणाऱ्या माणसाशीही तारखेवरून भांडली, आणि शेजारणीला तिच्या लेकीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवस आधी देऊन आली. शेजारीण मला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, ‘एकदा दाखवून घ्या.’ काल दाखवलं. स्मरणाच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. आई एका दमात दोनपर्यंत आली आणि म्हणाली, ‘शून्याच्या खाली जाऊ का?’ वार विचारला, बरोबर सांगितला. तारीख विचारली. आई म्हणाली, ‘आठ.’ काल सात होती. बाईंनी पुन्हा विचारलं, आठ. तिसऱ्यांदा विचारलं, तरी आठच. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. अठरा तारखेला पुढच्या तपासण्या आहेत.

घरी आल्यावर चप्पलही न काढता तिने मला विचारलं, ‘मी सगळंच विसरेन का ग? तुमची नावंसुद्धा?’ गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, ‘तूच ठेव. मी आता एकटी जात नाही कुठे.’

डबा जवळ असूनही असं व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. दिवसभर त्याला कानाशी लावून बसते आणि तरीही तिच्या डोक्यात तारीख राहत नाही. मग डब्याचा काय उपयोग झाला?

एकदा येऊन जा. नावं तरी लक्षात आहेत तोवर.

ताई

---

११ सप्टेंबर

ताई,

हे पत्र हातात पडल्याबरोबर आईकडे जा आणि डब्याचं बटण दाब. कान देऊन शेवटपर्यंत ऐक, वारावर थांबू नकोस. वार बरोबर असेल. तारीख एकने पुढची असेल.

आईला काही झालेलं नाही. डबा चुकलाय. आणि मला ते ऑगस्टपासून माहीत आहे.

आता पुढचं वाच, मग हवं तर फाडून टाक.

तुझी चार पानं आली तेव्हा मी ऑफिसात होते. दुसऱ्या पानावर महिन्यांच्या दिवसांची यादी आहे बघ, एकतीस, अठ्ठावीस, एकतीस, तीस. ही भाषा मोजायला शून्यापासून सुरुवात करते. म्हणजे जानेवारी तिच्या लेखी शून्य नंबरचा. आपण ‘सात’ म्हटलं की आपल्याला वाटतं जुलै, ती काढून देते ऑगस्ट. तुझ्या भाषेत सांगायचं तर पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलंय, आणि खालपर्यंत सगळा सदरा एकने सरकलाय. जुलैला ऑगस्टचे दिवस मिळाले, दोन्हीकडे एकतीस, म्हणून तुला काही कळलं नाही. ऑगस्टला सप्टेंबरचे मिळाले, तीस. एकतीस ऑगस्टला डबा म्हणाला असेल, ‘एक सप्टेंबर’. तेव्हापासून तो एक दिवस पुढे आहे. वार वेगळा मोजला जातो, म्हणून तो बरोबर. घरात सगळं वारावर चालतं, म्हणून तुझ्याही लक्षात आलं नाही.

ही चूक तुझी नाहीच. माझी आहे. पान चाळीसवर वीस वर्षांपूर्वी मीच केली होती. कॉलेजात सगळ्या वर्गासमोर फजिती झाली होती, म्हणून चांगली लक्षात आहे. दुरुस्ती वहीत कधी लिहिलीच नाही. तू माझी चूक टाक्याला टाका लावून उतरवलीस.

मला ती दोन मिनिटांत दिसली. आणि मी तुला लिहिलं, चूक दिसली नाही.

का? कारण माझ्या पोटात दुखलं, ताई. दुसरा कुठला शब्द शोधू? दिवा लागल्यावर तू किंचाळलीस ते वाचलं आणि माझा जळफळाट झाला. ते किंचाळणं माझं होतं! घरात कॉम्प्युटर माझा होता. तू शिवायचीस आणि मी ‘ती डोक्याची’ होते, एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. ती तू माझ्याच वहीतून काढून घेतलीस, आणि वर तुला ती माझ्यापेक्षा जास्त आवडली. मी एवढ्या मोठ्या कंपनीत बसून आईला वेळ सांगू शकले नाही, आणि तू कोटाच्या बटणाने सांगितलीस. आईला दिवसातून वीसदा तुझा आवाज ऐकू येतो. माझा महिन्यातून दोनदा, तोही तुझ्या फोनची मर्जी असेल तर. ‘हिच्या अंगात एवढं आहे.’ माझ्याबद्दल तिने असं कधी म्हटलं?

मला वाटलं, एकतीस तारखेला डबा चुकेल, तुम्ही हसाल, तू मला विचारशील आणि मी ऐटीत सांगेन. एवढीच मजल होती माझी. एकतीस ऑगस्टला त्या मोठ्या बैठकीत मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. तुझं काही आलं नाही. एक तारखेलाही नाही. मग मी स्वतःला सांगितलं, तिने शोधून काढली असेल. हे खोटं आहे हेही मला कळत होतं.

आईने किल्ली काढून दिली हे वाचलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. लगेच तुला फोन केला. तो तुझा दरवान उचलून म्हणाला, ‘तुम्ही कोण?’ त्याला ‘तिची बहीण’ सांगायला जीभ रेटेना. ठेवून दिला.

मग तिथेच, पायरीवर, तुझ्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुरुस्ती लिहायला घेतली. आठ ओळी. पेन्सिल मागितली तर ऑफिसात पेन्सिल नाही कुणाकडे! लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. डिसेंबरला काय होईल बघितलं, फेब्रुवारीला काय होईल बघितलं. मान वर केली तर दोन बैठका होऊन गेल्या होत्या आणि माझा सहायक मला तीन मजल्यांवर शोधत होता. आईच्या बाबतीत एवढा गुन्हा केलेला असताना मला आतून बरं वाटत होतं, ताई, याचीही लाज वाटते. पण खोटं आता लिहायचं नाही.

आठ ओळी सोबत आहेत. डॉक्टरीणबाईंना डबा ऐकव. आईला माझं नाव सांग.

काडी

---

१९ सप्टेंबर

काडी,

तुझं पत्र चौदाला मिळालं. पाच दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते वाचून तू मला पुन्हा कधी लिहिलं नसतंस.

पत्र वाचलं, दुकान उघडं टाकून आईकडे धावले. बटण दाबलं. माझ्याच आवाजात डबा म्हणाला, ‘पंधरा सप्टेंबर.’ आणि आई म्हणते काय, ‘बघ, मला पंधराच ऐकू येतंय. तुलाही पंधराच ऐकू येतंय का?’ ती पंधरा दिवस हेच समजत होती की डबा बरोबर सांगतो आणि तिला भलतंच ऐकू येतं. तारखेचं भांडण झालं की डब्याचं नाव घेत नव्हती, का तर ‘ताईने केलाय, तो कसा चुकेल, मीच चुकत असेन.’ वाचतेयस ना?

तुझं पत्र मी तिला सगळं वाचून दाखवलं. गाळलं नाही एक अक्षर. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘लहानपणी हडकुळी म्हणून काडी नाव ठेवलं. शेवटी काडी लावलीसच म्हणावं.’

काल तपासणीला डबा घेऊनच गेलो. डॉक्टरीणबाईंनी तीनदा दाबून बघितला, मग हसल्या, मग आधीचा कागद फाडला. नवीन कागद दिलाय, स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम. आईने तो घडी करून पर्समध्ये ठेवलाय. किल्ली परत तिच्या गळ्यात आहे.

मी तुझ्यावर रागावलेली आहे. तुला वाटलं मी हसेन! अगं, मी त्या बाकावर आईचा हात धरून बसले होते आणि ती स्वतःशीच तारखा पुटपुटत होती. हे तुला मी कितीदाही सांगेन, आणि तू ऐकून घेशील.

पण पोटदुखीचं म्हणत असशील तर रांगेत माझा नंबर आधी आहे. तू कॉलेजला जायचीस आणि मी मशीनवर बसायचे. तुझी ती हिरवी वही मी यंदा पेटी उपसताना पहिल्यांदा उघडली असं वाटतं तुला? तेव्हाही उघडायचे. तू झोपलीस की नाही, गेलीस की नाही, बघून उघडायचे. काही कळायचं नाही, आणि जाम पोटात दुखायचं. एकदा एक पान फाडलंसुद्धा. एकेचाळीस. पाठपोट काय होतं त्यावर कुणास ठाऊक, तुझी दुरुस्तीच नसेल कशावरून? ‘वहीत लिहिलीच नाही’ म्हणतेस, मला आता तेवढी खात्री वाटत नाही. चुलीत घातलं मी ते.

आता कामाचं. तुझ्या आठ ओळी घालून बघितल्या. चालेनात. पाचव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलाय, बाईसाहेब. सहा सहा महिने तपासता ना तुम्ही? तो मी घातला आणि चाललं. वेगळ्या डब्यात ठेवलंय. आईच्या डब्यात घालू देत नाही ती. हिशेबाने हाच डबा तीस तारखेला ‘एकतीस सप्टेंबर’ म्हणेल, आणि दुसऱ्या दिवशी आपोआप रुळावर येईल. आई म्हणते, मला तो दिवस ऐकायचाय. तोवर ती एक वजा करून लोकांना तारीख सांगते.

ताई

---

२३ सप्टेंबर

ताई,

अर्धविराम! मी भर जेवणाच्या सुट्टीत इतकी मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरचे उठून गेले. मग रडू आलं, ते त्यांनी बघितलं नाही.

पान एकेचाळीस. मला आता आठवतंय की नाही तेही कळत नाही. असू दे. फाडलंस हे वाचून, खरं सांगते, बरं वाटलं. एकटीच नव्हते तर मी.

रोज सकाळी एक तास आधी जाते. बैठका सुरू व्हायच्या आधी कोपऱ्यातल्या टेबलावर तुझ्यासारखाच एक तांदळाएवढा दिवा घेऊन बसते. काल तो लागला. किंचाळले नाही, ऑफिस आहे, पण खुर्चीसकट गोल फिरले. आता घराच्या कुलपाच्या मागे लागणार आहे. त्याला निदान माणसं ओळखायला शिकवीन. नवरा म्हणाला, ‘हे काय खूळ?’ पण परवापासून चहा तोच आणून ठेवतो.

तू माझ्यापेक्षा पुढे आहेस याचं अजूनही थोडं दुखतं. कमी झालं की कळवीन.

मला यायचंय. आई येऊ देईल का, विचारशील? विचारून कळव. न विचारता यायची माझी छाती नाही.

काडी

---

३१ सप्टेंबर

काडी,

हे मी स्वतः लिहितेय. ताईने कागदावर पट्टी धरलीय, ओळ संपली की खाली सरकवते. अक्षर एकावर एक गेलं असेल तर लावून वाच, तू डोक्याची आहेस.

आज सकाळी डबा म्हणाला, एकतीस सप्टेंबर. मी सातदा दाबलं. चांभाराला बोलावून ऐकवलं, शेजारणीला ऐकवलं. शेजारीण म्हणाली, असा दिवसच नसतो हो. मी म्हटलं, माझ्याकडे असतो. तिला डॉक्टरणीचा कागदही दाखवला.

आजचा दिवस कुठल्याच कॅलेंडरात नाही. म्हणून आज बोललेलं उद्या कुणी उकरून काढायचं नाही. त्यासाठीच थांबले होते.

मला फार भीती वाटली ग. स्वयंपाकघरात एकटी उभी राहून मी भांड्यांची नावं घेऊन बघायचे. कढई, झारा, पातेलं. मग तुमच्या दोघींची. तुझं नाव आधी घ्यायचे, कारण तू लांब असतेस, तेच आधी जाईल असं वाटायचं. आणि तुला सगळं माहीत होतं. हे मी विसरीन असं समजू नकोस. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, मला लेखी मिळालंय.

तू लिहिलंस, माझ्याबद्दल आईने असं कधी म्हटलं. म्हटलं होतं. तुझा निकाल लागला त्या दिवशी जिन्यात उभी राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं. ताई आत मशीनवर होती. तिने मशीन जोरात चालवायला घेतलं, म्हणून मी परत कधी म्हटलं नाही. तुम्हा दोघींच्या मधे मी आयुष्यभर अशीच जीभ चावत बसलेय. आता कंटाळा आला.

तर ऐक. मी ताईला आज डब्यातले सगळे महिने पुसायला लावले. वार तिच्या आवाजात, आकडे तिच्या आवाजात. महिने कोरे. ते तुझ्या आवाजात भरायचे, इथे, माझ्यासमोर बसून. फोनवरून चालणार नाही, साहेबाकरवी तर नाहीच.

उद्या ऑक्टोबर लागतो. हे पत्र तुला मिळेल तोवर तीन-चार दिवस जातील. तोवर डबा ‘चार’ म्हणेल, ‘पाच’ म्हणेल आणि गप्प बसेल. कुणी विचारलं, आजी, महिना कोणता, तर मी सांगणार आहे, तो धाकटीकडे आहे, ती घेऊन येतेय.

आई

ता. क. पट्टी मीच धरलीय. सगळं ऐकलं, लिहिताना मोठ्याने बोलत होती. मशीन जोरात चालवलं होतं हे खरं आहे. लवकर ये. अर्धविराम घेऊन ये.
ताई